वाकळेतला घास

१

माझ्या खोलीच्या दारावर 'अभिरक्षक' अशी पाटी आहे. ती वाचून एकदा एक गृहस्थ उसात बिबट्या दिसल्याची तक्रार घेऊन आले होते. मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, की इथे जुनी लुगडी, जुनी भांडी आणि जुनं खाणं सांभाळतात, बिबट्या नाही. लुगडी आणि भांडी त्यांना पटली. खाणं पटलं नाही. ते कुणालाच पटत नाही.

आमचं संग्रहालय शाहूपुरीत, गुळाच्या एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे. एका शिक्षणसंस्थेचं, लहानसंच. घरात बायका जे जे करत आल्या ते जपायचं, असा संस्थेचा बेत. म्हणून कपाटात इरकली लुगडी आहेत, बरण्यांत सांडगे आहेत, भरल्या मिरच्या आहेत, कांदा-लसूण चटणी आहे, आणि मधोमध काचेखाली गुळाची एक अख्खी ढेप आहे. कापडाचा शत्रू कसर, खाण्याचा शत्रू मुंगी. सकाळी आल्यावर माझं पहिलं काम म्हणजे ढेपेकडे मुंग्यांची रांग कुठून लागली आहे ते शोधायचं आणि तिचा बंदोबस्त करायचा. एवढं शिकून बाई रोज मुंग्यांशी भांडते, असं विजयसिंह, म्हणजे माझे यजमान, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ते स्वतः वारणानगरला डेअरीत आहेत आणि दिवसभर दुधाशी भांडतात, पण ते असो.

माझं दुसरं भांडण ऋताशी. ऋता माझी मुलगी, तिसरीत आहे. शाळा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, त्यामुळे सुटली की ती माझ्या खोलीत येते आणि मी निघेपर्यंत तिथेच चित्रं काढत बसते. शाळेत न संपवलेला डबा पुढ्यात असतो. "जेवलो की मी," म्हणते. कोल्हापूरच्या पोरी आलो-गेलोच म्हणतात, पुण्याची माझी जाऊ त्यावर दरवेळी हसते. डबा उघडून बघावा तर चपाती तशीच, भाजी तशीच. तिच्या पोटात अन्न जावं, यापलीकडे त्या वर्षात मी देवाकडे काही मागितलेलं नाही.

२

पूर्णिमाताई फेब्रुवारीत आल्या. नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावातून, एसटीनं, मांडीवर चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन. त्यांच्या सासूबाई, धोंडुबाई, दिवाळीनंतर वारल्या होत्या. गाठोड्यात त्यांची वाकळ होती, जुन्या लुगड्यांची गोधडी.

"जाळायला हात धजंना, आन् घरात ठिवू वाटंना," त्या म्हणाल्या. "पेपरात तुमचं वाचलं. म्हटलं तुमी ठेवा."

मी टेबलावर वाकळ उलगडली आणि खरं सांगते, माझा जीव तिच्यावर बसला. हिरव्या आणि जांभळ्या लुगड्यांचे तुकडे, मध्ये मऊ धोतराचे थर, आणि कडेपासून मध्यापर्यंत चौकोनात चौकोन घालत गेलेला धावदोरा. साठ-सत्तर वर्षं पांघरलेली वस्तू, पण एक टाका उसवलेला नव्हता. फक्त एका कोपऱ्याला बोटाएवढा फुगवटा होता. मी तिथे हात लावला, तशा पूर्णिमाताई पुढे झाल्या.

"त्यो घास हाय, म्याडम. वाकळ शिवून झाली की जो पांघरणार त्यानं भाकरी दातानं तोडायची. निम्मा घास आपण खायाचा, निम्मा कोपऱ्यात घालून टाका मारायचा. सासूनं लगीन झाल्यावर मारल्याला टाका हाय."

"कशासाठी पण?"

"तिलाबी पोट असतंय की." त्या हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "तेवढा काढू नगा. घास हाय तवर ती गप असती."

'तिलाही पोट असतं' हे मी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. प्रदर्शनात पाटीवर छान दिसेल, असं वाटलं होतं.

३

बाहेरून आलेलं कापड आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे आतले किडे मरतात. वाकळ बाहेर काढली तेव्हा त्या कोपऱ्यातून भुसा गळत होता. आमचे संचालक पृथ्वीराज सर दारातूनच म्हणाले, "संयोगिता, कापडात अन्न नको. ते काढा, वेगळा नंबर द्या आणि खाद्यविभागात टाका." त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते म्हणाले नसते तरी मी तेच केलं असतं. पूर्णिमाताईंचा शब्द मनात आला, पण शब्दानं कसर मरत नाही.

काढण्याआधी एक फोटो, काढल्यावर एक, पुन्हा टाका मारल्यावर एक, ही सवय आमच्या हाडात मुरलेली असते. बारीक कात्रीनं मी तीन टाके उसवले आणि चिमट्यानं तो घास बाहेर काढला. ज्वारीच्या भाकरीचा सुकून दगड झालेला तुकडा. एका कडेला दात उमटले होते, ओळीनं, अगदी स्वच्छ. नवी नवरी असलेल्या मुलीचे पुरे दात. त्या लग्नघरातलं कुणीच आता जिवंत नसेल आणि हा चावा मात्र तसाच आहे, या विचारानं मला गंमत वाटली. तेव्हा गंमतच वाटली.

ऋता शेजारी उभी राहून बघत होती. "आई, हे काय?"

"वाकळेचं जेवण."

"आणि तू काढून घेतलंस, तर ती आता काय खाणार?"

"तुझा डबा," मी म्हणाले. "नाहीतरी तू संपवत नाहीस. तिला देत जा."

ऋता हसली. तिचा पुढचा वरचा दात नुकताच पडला होता. त्या फटीतून जीभ बाहेर काढत ती वाकळेकडे वळली आणि म्हणाली, "बरं. देतो."

मी घास एका डबीत घातला, डबीवर नवा नंबर टाकला, कोपरा पांढऱ्या सुतानं शिवून टाकला. एका वस्तूच्या दोन वस्तू झाल्या. आमच्याकडे असं नेहमी होतं.

४

सुरुवातीला सगळं चांगलंच झालं.

ढेपेवरच्या मुंग्या गेल्या. एका सकाळी मी पावडरचा डबा घेऊन आले तर रांगच नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. खाली गोदामवाल्यांनी औषध मारलं असणार, असं मी धरून चालले.

आणि ऋता डबा संपवायला लागली. शाळेतून यायची, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडायची आणि मान खाली घालून सगळं खायची. भेंडीसुद्धा. घरी आल्यावर पुन्हा ताटावर बसायची आणि मागून घ्यायची. विजयसिंह म्हणाले, "अहो अभिरक्षक, लेकीची भूक कुठल्या कपाटात सापडली?" मी दोन चपात्या जास्त लाटायला लागले. त्या दिवसांत मी कामावर गाणं गुणगुणत जायची.

एकच गोष्ट खटकत होती. माझ्या खोलीच्या मागे स्टोअर आहे, जिथे वाकळ शेल्फवर घडी घालून ठेवलेली होती. तिथे हवा कोरडी ठेवणारं यंत्र चालू असतं, त्याची घरघर मला इतकी सवयीची आहे की ऐकूही येत नाही. पण ऋता जेवायला बसली की त्या घरघरीत दुसरा एक आवाज मिसळायचा. हलका, ओलसर, थांबून थांबून येणारा. कुणी दात नसलेलं माणूस भाकरी तोंडात घोळवतं, तसा. मी आत जाऊन बघायची, तर यंत्राच्या टाकीत थेंब पडत असायचे. थेंबांचाच आवाज, मी म्हणायची. टाकी रिकामी केली तरी आवाज यायचा. मग मी म्हणायची, नळीत पाणी अडकलंय.

ऋताने डबा बंद केला की तो थांबायचा.

५

मार्चच्या शेवटी शाळेचा फ्रॉक तिच्या खांद्यावरून घसरायला लागला.

वाढतं अंग आहे, उंची वाढली की मुलं बारीक दिसतात, असं सगळ्यांनी सांगितलं. मग मनगटं दिसायला लागली. मग पाठीचे मणके. डॉक्टरांनी रक्त तपासलं, शी तपासली, साखर बघितली, छातीचा फोटो काढला, आणि दरवेळी कागद पुढे सरकवून म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे हो." जंताचं औषध झालं. टॉनिक झालं. जयसिंगपूरला माझ्या बहिणीकडे हवापालटाला ठेवून बघितलं, तर तिचा फोन, "ताई, पोरगी दोन माणसांचं खाते. आणि न्हाऊ घालताना बघवत नाही गं." प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण मिळत होतं. कारणं कधी कमी पडली नाहीत, ऋताचं वजन तेवढं कमी पडत होतं.

एका रविवारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. ऋताच्या ताटाखाली भात सांडला, माझ्याही. जेवण झालं, मी ताटं उचलली, ओटा पुसून परत आले तर फरशीवर मुंग्या आलेल्या. काळी बारीक रांग भिंतीतून निघाली होती, माझ्या शितांना लागली होती, आणि ऋताची शितं ओलांडून सरळ पुढे गेली होती. एक मुंगीही तिथे थांबत नव्हती.

मी खाली बसले आणि तिच्या शितांतलं एक तोंडात टाकलं. कशाचीच चव नाही, मीठ नाही, भाताचा मऊपणाही नाही. तोंडात कागदाचा कपटा यावा, तसं. मग माझ्या बाजूचं एक टाकलं. भात होता, चांगला भात, वरण-तूप लागलेला. आम्ही तिघांनी एकाच पातेल्यातून वाढून घेतलं होतं.

"ऋता," मी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "जेवण कसं लागतंय तुला?"

"काहीच लागत नाही."

"मग खातेस कशी एवढं?"

"भूक लागते ना." ती कंटाळून म्हणाली. "आणि मी खाल्लं तरी ती खाते. तूच म्हणालीस, तिला देत जा. मग मी बरं म्हटलो."

विजयसिंह हसले, "कोण गं ती?" मी हसले नाही. 

६

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी ढेपेवरची काच उचलली. संग्रहातली वस्तू चाखणारी मी पहिलीच क्युरेटर असेन. नखानं गूळ खरवडून जिभेवर ठेवला आणि वाट बघितली. माती तरी काहीतरी लागते. हे काहीच लागलं नाही. बरण्यांतली चटणी तशीच, लालभडक आणि मेलेली. सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं खाऊन झालेलं होतं.

मग मी घासाची डबी उघडली. घास होता, दातांच्या खुणांसकट. पूर्वीच्या जागी परत घालून शिवून टाकायचा, एवढंच डोक्यात होतं. चिमट्यानं धरला आणि तो दबला. जळलेला कागद जसा आकार धरून राहतो आणि हात लागला की जातो, तसा गेला. डबीत राखाडी भुकटी उरली. 

स्टोअरमध्ये वाकळ शेल्फवर होती. घडी मीच घातली होती, आता ती त्या जागेत मावत नव्हती. काठ वरच्या फळीला टेकले होते. मी ती ओढून काढली, टेबलावर पसरली. ती सपाट पसरेना. मधोमध उंच राहत होती, कुणी कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कंबर वर येते, तेवढी. हवा अडकली असेल. मी तळहातानं दाबलं, उंचवटा खाली गेला, मी हात काढला. तो हळूहळू परत वर आला, आणि थोडा खाली सरकला. श्वास सोडून परत घ्यावा तसा.

मी वाकळेचा काठ धरून उचलला आणि खाली बघितलं. टेबल होतं, नुसतं टेबल. काठ सोडला, वाकळ खाली बसली, आणि त्या नुसत्या टेबलावर परत तो खांदा वर आला.

७

पूर्णिमाताई अंगणात शेवया वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला, आणि माझं तोंड बघून हात थांबवले.

"काढला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ऋताचं सगळं सांगितलं. मी रडले, त्यांनी पाणी आणून दिलं. मी विचारलं, की धोंडुबाई कशा होत्या, त्यांना काही त्रास झाला का कधी.

"तरास न्हाई. चांगली धडधाकट बाई. निस्ती वाकळ सोडायची न्हाई अंगावरची. उन्हाळ्यातबी न्हाई. आमचं मामंजी जन्मभर भाईर सोप्यात झोपलं." त्या हसायला गेल्या, पण जमलं नाही. "पलंगावर जागाच न्हाई म्हणायचं. शेवटाला पोरांनी सांगलीला दवाखान्यात नेली, वाकळ घरी ऱ्हायली. जेवत हुती, भरल्या ताटावर बसत हुती. पर हाडं तेवढी परत आली बघा."

"मी नवा घास घातला तर?"

"घाला की." त्या परत शेवयांकडे वळल्या. "पर ज्याचा घास त्याचीच ती. मग सुटका न्हाई. कुणाचा घालायचा ते बघून घाला."

त्यात बघण्यासारखं काय होतं? मी त्रेचाळीस वर्षांची बाई. मला माझा उरलेला जन्म कुणाच्या शेजारी झोपून काढायचा याची पर्वा नव्हती. परतीच्या वाटेवर गाडीत मला चक्क हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातात होतं.

८

सकाळी मी भाकऱ्या केल्या. ऋता ओट्याशी स्टुलावर बसून गरम भाकरी खात होती. मी माझ्या भाकरीचा तुकडा घेतला, दातानं तोडला, निम्मा गिळला. तो गिळताना मला हुंदका आला, ऋतानं बघितलं. उरलेला निम्मा मी स्टीलच्या लहान डबीत ठेवला आणि साडी बदलायला आत गेले. बाहेर आले तेव्हा डबी बंद होती. मी ती पर्समध्ये टाकली.

अकराच्या सुमाराला, ऊन खिडकीत असताना, मी तो कोपरा उसवला. वाकळ टेबलावर उंच पसरलेली होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. डबी उघडली, फोटो काढला, तुकडा आत सरकवला, फोटो काढला, टाके मारले, फोटो काढला. हात आपोआप चालत होते. शेवटची गाठ मारली आणि मागचा तो ओलसर आवाज, जो आता दिवसभर चालू असायचा, थांबला. यंत्राची घरघर तेवढी राहिली. माझ्या डोळ्यांसमोर वाकळ खाली बसली. सपाट, नीट, आली होती त्या दिवशीसारखी.

ऋता शाळेतून आली, डबा उघडला आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "शी, आई! किती तिखट!"

मी तिला उचलून घेतलं. काहीच वजन नव्हतं. तिने अर्धी चपाती ठेवून डबा बंद केला, "बास, पोट भरलं," म्हणाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला रागावले नाही. थोड्या वेळानं टेबलावर तिच्या सांडलेल्या तुकड्यांपाशी एक लाल मुंगी आली. मग तिच्या मागून दुसरी. मी त्यांना हात जोडले, खरोखर जोडले. ऋता खोखो हसत होती.

तिला चित्र काढायला बसवून मी कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेतले. रोजचं काम होतं. पहिला फोटो उघडला आणि मोठा केला.

डबीतल्या तुकड्यावर चाव्याची कड होती. लहान चावा, दात बारीक, जवळजवळ. आणि मधोमध एका दाताची जागा रिकामी.

मी फोटो अजून मोठा केला. पुन्हा लहान केला. माझे पुढचे दात जिभेनं चाचपून बघितले. सगळे होते.

"ऋता," मी म्हणाले. "सकाळी डबीतली भाकरी..."

"ते होय," ती रंगवता रंगवता म्हणाली. "तू रडत होतीस. आणि तुझ्या डब्याला एवढुसाच तुकडा घेतलास. म्हणून मी माझा मोठा ठेवला, तुझा मी खाल्लो." मग तिने वर बघितलं. "पोट भरलं ना तुझं?"

९

कात्री घेऊन मी वाकळेपाशी उभी राहिले, एकदा नाही, अनेकदा. उसवायचं तर ती पुन्हा उपाशी. आणि पुन्हा उपाशी राहिली तर ती कुणाच्या ताटात हात घालेल, हे आता विचारायलाही नको होतं. माझा घास मी ऋताच्या घासाशेजारी घालून बघितला, दुसऱ्या कोपऱ्यात, तिसऱ्या कोपऱ्यात. सकाळी येऊन बघावं तर माझे तुकडे टेबलावर पडलेले असायचे, टाके न तुटता, आणि मुंग्यांनी भरलेले.

ऋताच्या अंगावर मांस चढलं. गाल आले. डॉक्टर म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" विजयसिंहांनी पेढे वाटले. पण तिला गार वाटायला लागलं होतं. मे महिन्यातली दुपार, पंखा बंद, आम्ही घामानं निथळतोय, आणि ती दोन चादरी घेऊन कुडकुडते. "या नकोत," म्हणायची. "माझी दे ना." पुन्हा ताटाकडे पाठ फिरवायला लागली, पुन्हा मनगटं दिसायला लागली, तेव्हा मी हरले.

संग्रहालयात त्या नंबरावर आता माझ्या आईची वाकळ आहे. इतकी वर्षं मी दुसऱ्याची चिंधीसुद्धा जागची हलू दिली नव्हती. धोंडुबाईंची वाकळ मी पिशवीत घालून घरी आणली, सुटीच्या दिवशी, भर दुपारी, आणि माझ्या हातांनी माझ्या मुलीच्या अंगावर घातली. तिने डोळे मिटले, समाधानानं, तान्ही असताना दूध पिऊन झाल्यावर मिटायची तसे. गार थांबलं.

मी कडेचे काठ सरळ करत होते. तिच्या खांद्याजवळ, कमरेजवळ, पायांजवळ. ऋता लहान आहे, तिचे पाय पलंगाच्या मध्यावरच संपतात. ते वाकळेखाली मला दिसत होते, दोन लहान टोकं. त्यांच्या पुढे, पलंगाच्या कडेपाशी, वाकळ अजून दोन ठिकाणी वर होती. माझा हात सवयीनं तिकडे गेला आणि मी तळहातानं दाबलं. ते खाली गेलं नाही.

मी ओरडले नाही. ऋता जागी झाली असती. ती शांत झोपावी म्हणूनच तर सगळं केलं होतं. मी पलंगाच्या त्या बाजूला गेले, तिला कुशीत घ्यावं म्हणून गुडघा गादीवर टेकवला.

"आई, तिकडे नको," ऋता डोळे न उघडता म्हणाली. "तिकडे जागा नाही."